निव्वळ वजन

डिचोलीच्या खाणीवर बावीस वर्षं मी काट्यावर बसलो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
वजाबाकी, सही, पुढचा.
पिवळी पावती ड्रायव्हरला, गुलाबी हापिसाला,
पांढरी माझ्याकडे.
खाण बंद पडली, काटा भंगारात गेला.
पावत्यांची दोन कोरी पुस्तकं घरी राहिली,
दुधाच्या हिशेबाला.

सप्टेंबरात एकदा सहज वर गेलो, जुन्या डंपावर.
ज्या मातीला आम्ही कधी माती म्हटलं नाही,
रिजेक्शन म्हणायचो,
तिच्या उतारावर तेरडा उभा होता
गुडघ्याएवढा, गुलाबी,
कुणाला न विचारता.
देठ पाणीदार, उन्हात धरला तर आतलं दिसेल असा,
आणि प्रत्येक फुलामागे एक वाकडी बारीक शेपटी,
घाईत मारलेल्या सहीची असते तशी.

एक बोंड फुगलेलं दिसलं. बोट लावलं.
फट्.
बी कुठे गेलं डोळ्यांना कळलंच नाही.
दुसरं. फट्. तिसरं.
दहा-दहा टनांचा हिशेब ठेवलेला माणूस,
मला चार दाणे धरता येईनात.
वरकांची जनी बकऱ्या घेऊन तिथेच होती,
बराच वेळ हसू दाबत असणार.
म्हणाली, "आधी मूठ मिटा,
मग आतल्या आत चिमटा काढा."
मिटली. आत काहीतरी उडालं, तळव्यावर आपटलं,
पकडलेला टोळ आपटतो तसं.
उघडली तर नऊ दाणे,
आणि साल, स्वतःभोवती गुंडाळलेलं.

कोऱ्या पावतीत पुडी बांधली.
भरलेलं, रिकामं, निव्वळ,
तिन्ही रकाने तसेच सोडले.
तारीख घातली.

मे सरताना परसात पेरले. शेणखत घातलं,
ते चुकलं बहुतेक; डंपावर कोण घालत होतं?
तरी सात उगवले.
मग मी दोन दिवस सांग्याला गेलो, भाचीच्या साखरपुड्याला,
आणि पुतूने परस साफ केलं.
"खूप तण जाल्लें," म्हणाला, अभिमानाने,
आणि ढीग दाखवला.
मी त्याला मजुरी दिली. वर चहा.

एक राहिला होता.
धुण्याच्या दगडामागे, साबणाचं पाणी जातं तिथे,
जिथे मी काही पेरलंच नव्हतं.

कुंपणापलीकडून कायतानने मान वर काढली.
त्याच्या पेटुनिया म्हापशाच्या नर्सरीतल्या,
पावसात दरवर्षी कुजतात, दरवर्षी तो नवीन आणतो.
"तण मरे तें," म्हणाला.
मेव्हण्याने फोनवर म्हण ऐकवली,
तेरड्याचा रंग तीन दिवस.
मी कॅलेंडरवर फुल्या मारत गेलो.
त्रेचाळीस झाल्या.
म्हण करणाऱ्याने एकच फूल मोजलं असेल,
झाड मोजायला थांबला नसेल.

मग ऑक्टोबरचं ऊन. देठ भिजल्या पुठ्ठ्यासारखा
स्वतःवरच बसला.
दुपारी मी पायरीवर, आणि मागे फट्, जरा वेळाने फट्.
एक दाणा तर चहात पडला.
बशीवर काढून ठेवला, तोही पुढे दिसला नाही.
या खेपेला मूठ मिटली नाही.
पुडीही बांधली नाही.

आता आषाढ अर्धा गेलाय.
दगडामागे शेवाळ आहे, गांडुळं आहेत,
रोज सकाळी वाकून बघतो,
पाठ दुखते, उठतो.
पुतूला यंदा बोलावलेलं नाही,
परस असं माजलंय की बायको बोलत नाही.

काल कायतानची हाक:
"तुजें तण म्हज्या कुंडयेंत आयलां!"
गेलो. पेटुनिया कुजली होती, नेहमीसारखी.
तिच्या कडेला चार पानं, दातेरी.
आणि शेजारी त्याने आइसक्रीमची काडी खोचली होती,
चुकून आपलाच हात लागेल म्हणून.